बस सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे

सुरतजवळच्या हजीऱ्यात कारखान्यात नोकरीला गेलेले कुणी आपल्याही नात्यात असेल. तिथली काही मुले बसने शाळेत जातात. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून ड्रायव्हरने रोज सकाळी वाकून ब्रेकचे पाइप पाहावेत, एअर ब्रेकच्या टाकीत साचलेले पाणी सोडावे आणि हवेचा काटा पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवू नये. टायर, दिवे, संकटकालीन दारही तपासावे.

नोव्हेंबर १९९७मध्ये दिल्लीत स्कूलबस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नियम कडक केले. पण रोजची तपासणी ड्रायव्हरच्याच हाती.

घरात कुणी ‘सावकाश’ म्हणते, कुणी ‘निधान’. त्याबरोबर एवढेही विचारावे, ‘काका, टाकीतले पाणी सोडले ना?’