नसण्याचं काम

भाईंदरच्या खाडीलगतचं मिठागर भर उन्हाळ्यात जवळून पाहावं. मातीचे बुटके बांध, त्यांनी आखलेले चौकोनी वाफे, दाबून-चोपून सपाट केलेला तळ. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावाऱ्यावर आटू द्यायचं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्यापर्यंत आलं, की मिठाचे शुभ्र कण दिसू लागतात.

यात माणसानं काय घडवलं? मीठ समुद्राचं, आटवणं सूर्याचं. आगरात राबणाऱ्यानं घाम गाळून घडवली ती एक उथळ पोकळी. तेच वाफे भराव टाकून बुजवा. बांधाची चिमूटभर मातीही कमी होणार नाही, आणि तरी मिठागर उरणार नाही!

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये नेमकी हीच गोष्ट कुणाला तरी थक्क करून गेली. लाओत्सेच्या नावे चालत आलेल्या ‘ताओ ते चिंग’च्या अकराव्या प्रकरणात तीन साध्या वस्तू येतात. चाकाला तीस आरे असतात, पण गाडी चालते ती मधल्या तुंब्याच्या भोकामुळे. मडकं मातीचं, पण पाणी मावतं ते त्याच्या पोकळीत. घर भिंतींचं, पण आपण राहतो भिंतींमधल्या मोकळ्या जागेत. या ‘नसण्या’ला चिनी तत्त्वज्ञ ‘वू’ म्हणतात आणि ‘असण्या’ला ‘यौ’.

आपल्या वैशेषिक दर्शनातल्या विचारवंतांनीही अभावाला पदार्थाचा मान दिला आणि त्याचे प्रागभावापासून अत्यंताभावापर्यंत चार प्रकार सांगितले. पण तिथला अभाव नेहमी कशाचा तरी असतो: जमिनीवर घडा नाही, कापडात अजून रंग नाही. लाओत्सेचा वू अमुक एका वस्तूची उणीव दाखवत नाही. काहीतरी घडू देण्याचं, सामावून घेण्याचं सामर्थ्य म्हणजे वू.

चाळिसाव्या प्रकरणात ही कल्पना एकदम विश्वाएवढी होते. जगातल्या साऱ्या वस्तू असण्यातून जन्मतात आणि असणं नसण्यातून, असं तिथे म्हटलं आहे. या ग्रंथाचा तिसऱ्या शतकातला भाष्यकार वांग बी यानं यामागचं कारण शोधलं. जे ऊन आहे ते थंड असू शकत नाही. ज्याला एक रूप आहे त्याला दुसरं घेता येत नाही. मग सगळ्यांचं मूळ जे असेल, त्याला स्वतःचं कुठलंच रूप असता कामा नये. केवढी झेप ही, आणि ती घेणारा अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला! इ. स. ३१२ मध्ये निवर्तलेल्या ग्वो श्यांग या तत्त्वज्ञानं मात्र हे साफ नाकारलं. जे नाहीच, ते कशाला जन्म कसं देणार? त्याच्या मते वस्तू आपल्या आपणच उमलतात.

या वादाला १९९३ मध्ये विलक्षण वळण मिळालं. हूबे प्रांतात ग्वोद्यान इथल्या, इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला ‘ताओ ते चिंग’चा काही भाग सापडला. त्यात चाळिसाव्या प्रकरणातलं ते वाक्य आहे, पण ‘असणं’ हे अक्षर दोनदा येण्याऐवजी एकदाच येतं. तेवढ्यानं अर्थ पालटतो: वस्तू असण्यातून जन्मतात आणि नसण्यातूनही. लेखनिकाची ती चूक होती की मूळ पाठच तसा होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मला ग्वोद्यानचा पाठ अकराव्या प्रकरणाशी अधिक जुळणारा वाटतो. तिथे आऱ्यांशिवाय भोक नाही आणि मातीशिवाय मडक्याची पोकळी नाही. असणं आणि नसणं यांत थोरलं-धाकटं कुणी नाही. दोघं मिळून जग चालवतात, आणि आपण मात्र आजवर मोजदाद एकाचीच ठेवत आलो आहोत.