पंचनाम्यात न बसणारे नुकसान

अंथुर्णे हे बारामती–इंदापूर रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले गाव. हा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे इथे संकट म्हणजे दुष्काळ, असेच आजवर धरले गेले. आता अतिवृष्टीचीही भर पडली आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये इंदापूर तालुक्याला मुसळधार पावसाने झोडपले. 2025 साली तर मे महिन्यातच बारामती-इंदापुरात पूर आला आणि बारामतीजवळ पिंपळी-लिमटेक येथे नीरा डावा कालवा फुटला.

हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पावसात लांब खंड पडतो आणि येतो तेव्हा तो एकदम कोसळतो.

याचा मार कोणाला बसतो? आपल्या समाजातील अनेक कुटुंबे भूमिहीन आहेत. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, वतने रद्द व्हायला मात्र 1958 चा कायदा यावा लागला. तरीही वतनाच्या कितीतरी जमिनी आपल्या हाती राहिल्या नाहीत. आज घर चालते ते खुरपणी, ऊसलागण, डाळिंबाच्या बागेतील रोजंदारीवर. शेतात आठ दिवस वाफसा नसेल, तर आठ दिवसांचा रोज बुडतो. दुष्काळात काम नाही, अतिवृष्टीतही नाही. पिकाची भरपाई मिळते सातबाऱ्यावर. बुडालेल्या रोजासाठी पंचनाम्यात रकानाच नाही. माझ्या मते खरा अन्याय इथेच आहे, आणि त्यावर आपण फारसे बोलत नाही.

घराचे काय? 2022 च्या आपत्ती मदत निकषांनुसार झोपडी पडली तर 8,000 रुपये. घरात पाणी शिरले तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. पण पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त साचलेले हवे. ओढ्याचे पाणी कुठे दोन दिवस थांबते? ते काही तासांत धान्य आणि पोरांची दप्तरे भिजवून ओसरते. काही पुरांनंतर राज्य सरकारने ही अट शिथिल केली, पण ती निकषातूनच काढावी, असा ठराव ग्रामसभेत घेता येतो.

तोवर घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये आहे का, ते आजच पाहा. पाणी शिरताच फोटो काढा. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा वस्तीवरची दोन-चार माणसे हजर राहू द्या, आणि लिहिलेले वाचूनच सही करा.