कोणत्या वर्गापुढे उभे राहायचे?

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. तिचे मियाँ जेद्दाहला एका कंपनीत हिशेबाच्या कामावर आहेत. आता तीही मुलाला घेऊन तिकडे निघाली आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. आणि मग बी.एड., दोन्ही आपल्याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात झालेले. डबा ठेवता ठेवता म्हणाली, "खाला, तिथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज करायचाय. केजीसाठी करू की सहावी ते आठवीसाठी? घरातले सगळे म्हणतात केजी घे. लहान मुले, गाणी म्हणायची, दुपारी घरी. सोपे काम!"

"सोपे काम" ऐकले आणि मला माझा २००४ सालचा वर्ग आठवला.

आमची पिढी पाचवीत गेल्यावर इंग्रजी शिकली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. मी बी.एड. करून शहरातल्या एका उर्दू शाळेत लागले तेव्हा हा विषय नवा होता आणि मला पहिलीचा वर्ग मिळाला. माझे सराव पाठ मात्र सगळे आठवी-नववीवर झालेले. मी फळाभर स्पेलिंग लिहायची. वर नियम केला की बाहेर जायचे तर इंग्रजीतच विचारायचे. एक दिवस मागच्या बाकावरची मुलगी तीनदा उभी राहिली. तिन्ही वेळा मी म्हणाले, "इंग्लिश में बोलो." चौथ्यांदा ती उठलीच नाही. तिची सलवार भिजली होती. सहा वर्षांचे लेकरू! पुढे आठवडाभर ती शाळेत आली नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेले आणि तिच्या अम्मीची माफी मागितली.

हे मी भाचीला सांगितले आणि म्हटले, "मला निदान तिच्या भाषेत तिला जवळ घेता आले. तुझ्या वर्गात काय होईल याचा विचार कर." जेद्दाहची इंटरनॅशनल इंडियन स्कूल १९६९ सालची. तिकडच्या अशा शाळांत केरळ, तामिळनाडू, तेलंगणा, बिहार, महाराष्ट्र अशा सगळीकडची मुले एका बाकावर बसतात. एकाच्या घरी मल्याळम, दुसऱ्याच्या घरी तमिळ. चार वर्षांचे मूल रडायला लागले की आपली उर्दू-मराठी तिथे पुरत नाही. इंग्रजी शिकवायची आणि समजूतही इंग्रजीतच घालायची. ते हातवारे, चित्रे, गाणी आणि भरपूर माया यांनीच जमते. "स्टँड अप", "टच युअर नोज" असे सांगत आधी शरीराने भाषा शिकवायची पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडली, ती याच वयाला फार उपयोगी पडते. पण दहा-दहा मिनिटांनी खेळ बदलायचा, नाक पुसायचे, डबा उघडून द्यायचा आणि दिवसभर उभे राहायचे. याला सोपे कोण म्हणेल?

दुसरा गैरसमज असा की लहान मुले भाषा झटपट शिकतात. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले या दोन संशोधक बाईंनी १९७८ साली नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच भाषा सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती १२ ते १५ वर्षांची मुले. ३ ते ५ वर्षांची सर्वांत मागे होती. लहानपणी उच्चार छान बसतात हे खरे, पण फळ दिसायला सबुरी लागते. ज्या शिक्षिकेला महिन्याभरात निकाल हवा, ती केजीत स्वतःही रडेल आणि मुलांनाही रडवेल.

आठ ते बारा वर्षांची मुले वाचू लागलेली असतात, प्रश्न विचारतात आणि बाईंचे ऐकतातही. नवख्या शिक्षिकेला हे वय मानवते. नववी-दहावीत सीबीएसई बोर्डाचा ताण येतो. निबंध, पत्रे, व्याकरण, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आणि पालकांचे फोन. तिथे विषय पक्का हवा. मोठ्या माणसांना शिकवायचे तर परीक्षेची तयारी करणाऱ्या नर्स किंवा बोलायला शिकू पाहणाऱ्या गृहिणी येतात. त्या मनापासून शिकतात, पण वर्ग संध्याकाळी असतात. घरी लहान मूल असेल तर त्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे.

कागदपत्रेही वर्ग ठरवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरली नाही. हा निकाल भारतापुरता असला तरी परत आल्यावर उपयोगी अनुभव कोणता, याचा विचार करावा. परदेशातल्या भारतीय शाळांच्या जाहिरातीत पीआरटी म्हणजे पहिली ते पाचवी, टीजीटी म्हणजे सहावी ते दहावी आणि पीजीटी म्हणजे अकरावी-बारावी. केजीसाठी बऱ्याचदा बालशिक्षणाचा वेगळा डिप्लोमा मागतात. प्रमाणपत्रे आधी राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागतात. सौदी अरेबियात डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालते, अमिरातीसाठी मात्र दूतावासाचा शिक्काही लागतो. आणि कुटुंबाच्या व्हिसावर गेलात तर नोकरीची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे विसरू नका.

एवढे सांगून मी तिला म्हटले, "माझे ऐकून ठरवू नकोस. वर्गात बसून ठरव." मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ती तीन आठवडे आमच्या शाळेत आली. पहिला आठवडा पहिलीत, दुसरा पाचवीत, तिसरा सातवीत. पहिलीतून ती रोज डोके धरून बाहेर यायची. सातवीतून मात्र घंटा झाली तरी निघायची नाही. मुले भोवती उभी असायची आणि हिच्या हातात खडू तसाच.

परवा तिने अर्ज भरला, सहावी ते आठवीसाठी. घरच्यांना सांगितले, "पगार बघून नाही, वर्ग बघून ठरवले." निघताना मला म्हणाली, "खाला, एक गोष्ट मात्र पक्की. वर्ग कुठलाही मिळो, बाहेर जायला मी कुणाला भाषेची अट घालणार नाही."