आठ वातींचा हिशेब

अकबराच्या राजवाड्यातला विस्तव थेट सूर्याकडून यायचा! ‘आइन-ए-अकबरी’ या ग्रंथात त्याच्या दरबारातल्या अबुल फजलने ते सविस्तर लिहून ठेवलं आहे. सूर्य मेष राशीच्या एकोणिसाव्या अंशात आला की भर दुपारी सूर्यकांत नावाचा पांढरा, चकाकणारा खडा उन्हात धरायचा. जवळ नेलेला कापूस पेट घेई. हा विस्तव ‘अगिनगीर’ नावाच्या भांड्यात वर्षभर जपायला माणसं नेमलेली असत. दिवे लावणारे, मशालजी आणि मुदपाकखान्यातले आचारी त्यातूनच आग नेत. वर्ष सरलं की पुन्हा नवा विस्तव.

सूर्यास्ताला सोन्या-रुप्याच्या बारा शमादानांवर बारा पांढऱ्या मेणबत्त्या पेटवून बादशहासमोर आणत.

पण मला थक्क करतो तो मशालींचा हिशेब. चांद्र महिन्याच्या पहिल्या तीन रात्री आठ वाती. चौथीपासून रोज एक कमी, म्हणजे दहाव्या रात्री एकच. पंधराव्यापर्यंत तेवढीच. सोळाव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत रोज एक वाढवायची, विसाव्याला थांबायचं, पुढचे दोन दिवस पुन्हा वाढवायची, तेविसाव्याला थांबायचं आणि चोविसाव्यापासून महिनाअखेरपर्यंत पुन्हा आठ. मांडून पाहिलं, तर गणित तंतोतंत जुळतं. दर वातीला एक शेर तेल आणि अर्धा शेर कापूस.

यातली खरी गंमत पाहा. आठव्या रात्री तीन वाती, बाविसाव्या रात्री सात. चंद्र दोन्ही वेळा साधारण अर्धाच! मग हा फरक का? आठवीचा चंद्र दिवेलागणीलाच डोक्यावर असतो. बाविसावीचा उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास, तोवर सगळा अंधार मशालींनीच सांभाळायचा. तेल-कापसाच्या या नियमात चंद्रोदयाची वेळसुद्धा धरलेली आहे.

छावणी दुरून ओळखू यावी म्हणून दरबारापुढे चाळीस गजांहून उंच खांब सोळा दोरांनी ताणून उभा करत. त्याच्या टोकावरचा मोठा कंदील म्हणजे ‘आकाशदिया’. दिवाबत्तीच्या या खात्यात मनसबदार, अहदी शिपाई आणि साधे प्यादेही कामाला असत. प्याद्याचा पगार 80 ते 2400 दाम. तेव्हा 40 दामांचा एक रुपया होत असे.

येत्या शुद्ध अष्टमीला आणि मग वद्य अष्टमीला, दोन्ही दिवशी दिवेलागणीलाच, गच्चीवर जाऊन आभाळ पाहा. तीन आणि सात वातींमधला फरक तिथे स्वच्छ दिसेल.