ताठ कणा आणि लहानसें पडणें

हिंगोलीकडील एखाद्या खेड्यांत पावसाळ्याच्या दिवसांत शेताच्या बांधावरून पाय घसरणें ही नवलाची गोष्ट नव्हे. पडलेला मनुष्य अंग झाडून उठतो व कामाला लागतो. परंतु ज्याचा कणा 'अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस' या विकारानें ताठ झाला आहे, त्याच्या बाबतींत हेंच पडणें प्राणावर बेतूं शकतें.

हा विकार बहुधा ऐन तारुण्यांत सुरू होतो. पहाटे आखडलेली कंबर हालचालीनें सैल होते, विश्रांतीनें नाहीं. पुढें कित्येकांच्या मणक्यांमधील बंध हळूहळू अस्थिमय होतात व कणा एकसंध होतो. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत तो वेळूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्यास वेळूची उपमा देतात. पण ही उपमा फसवी आहे. वेळू वाऱ्यानें लवतो. हा कणा लवत नाहीं. शिवाय बाहेरून हाड वाढत असतां आंतून तें विरळ होत जातें. निरोगी कण्यांत धक्का अनेक सांध्यांत वांटला जातो. येथें तो एकाच जागीं, बहुतेक वेळां मानेच्या खालच्या भागांत एकवटतो, आणि कणा आरपार मोडतो.

त्यांतहि दुर्दैव असें, कीं पाठदुखी जन्माची सोबतीण झालेली असल्यामुळें नवें दुखणें जुन्यांतच जमा होतें. साध्या छायाचित्रांत खांद्यांच्या सावलीनें अस्थिभंग लपूं शकतो. रोगी हिंडतो-फिरतो; मग मोडलेलीं टोकें सरकून किंवा आंत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येतो, आणि हातपाय लुळे पडतात.

म्हणून अशा माणसास पडल्यावर नवें दुखणें जाणवलें किंवा हातापायांस मुंग्या आल्या, तर अस्थिभंग झालाच आहे असें समजून वागावें. त्यास उठवून बसवूं नये. मान चोळूं नये. हाडवैद्याकडे नेऊं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वर्षानुवर्षें पुढें झुकलेली मान सरळ करूं नये. दयाळू हातांनीं ती जमिनीस टेकविली, तर तेवढ्यानेंहि मज्जारज्जूस इजा होऊं शकते. मान नेहमीं असते तशीच, घोंगडीच्या घड्यांचा आधार देऊन ठेवावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हिंगोलीहून नांदेडला न्यावें लागलें तर वाटभर तो आधार काढूं नये, आणि संपूर्ण कण्याच्या सी. टी. स्कॅनविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

न्हाणीघरांत धरावयास दांडा व रात्रीं दिवा असावा, हें तर खरेंच. पण रोगाचें नांव लिहिलेली एक चिठ्ठीहि खिशांत असूं द्यावी. कारण बेशुद्ध मनुष्य आपला कणा ताठ आहे, हें कोणास सांगूं शकत नाहीं.