नाताळची भेट, घरच्या हातची

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा नाताळ जेमतेम पंधरा दिवसांवर आलेला असेल. मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या घरांवर कागदी तारे चढू लागले असतील आणि वाई-साताऱ्याकडे पहाटेच्या थंडीने कानटोप्या बाहेर निघाल्या असतील. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले आणि त्याच्या आधाराने अनेक ख्रिस्ती कुटुंबे या गावात स्थिरावली. आमच्या गल्लीत म्हणूनच दिवाळीचे ताट त्यांच्या घरी आणि नाताळचे ताट आमच्या घरी, हा परिपाठ कित्येक वर्षांचा आहे. दोन्ही ताटांत करंजी असते, चकली असते, शंकरपाळे असतात. नाताळच्या ताटात केकची एक चकती अधिक, एवढाच काय तो फरक.

आमच्या शेजारच्या बाई परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. सारी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणते. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. मुलाने आणि सुनेने काळजीपोटी त्यांना गॅसपाशी जाऊ देणे थांबवले. त्या वर्षी नाताळच्या दुपारी मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या पलंगावर तीन शाली, बिस्किटांचे दोन डबे आणि केकची एक भली मोठी पेटी पडलेली होती. सिस्टरना मधुमेह आहे, हे भेट देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी त्या ढिगाकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "शाली तीन आल्या बघ. आता तूच सांग, द्यायला माझ्याकडं काय आहे?"

त्या तीन शालींपैकी एक माझीच होती.

तेव्हापासून नाताळच्या भेटीचा विचार मी दोन अंगांनी करते. घेणाऱ्याच्या शरीराला ती मानवते का, हे एक. आणि आयुष्यभर देत आलेल्या माणसाला आपण नुसते घेणारे तर करून टाकले नाही ना, हे दुसरे. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

उबेच्या भेटी

आपल्या भागात वाकळ शिवण्याची परंपरा मोठी. जुन्या मऊ सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ घरोघरी असे. ज्येष्ठांसाठी मात्र पूर्ण मापाची वाकळ फार जड होते. दुखऱ्या गुडघ्यांना आणि अशक्त माणसाला ती कुशीवर वळताना ओढवत नाही. त्याऐवजी मांडीवर घेण्याजोगी छोटी वाकळ शिवावी. दीड हात रुंद, दोन हात लांब आणि तीन थर पुरेत. एका कडेला चष्मा व रुमाल राहील असा खिसा लावावा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी शिवत असाल तर ती पावलांपर्यंत लोंबणार नाही आणि चाकात अडकणार नाही, हे आधी मोजून पाहावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ओळखीच्या कापडाचा स्पर्श अनेकदा शांत करतो. दिवंगत पत्नीच्या लुगड्याची वाकळ एखाद्या आजोबांना अमोल वाटेल. पण ते लुगडे कापण्यापूर्वी त्यांना विचारावे. काहींना ते घडी घातलेलेच हवे असते.

घरगुती भेटींत चिंध्यांचे पायपुसणे आणि विणलेले लोकरी मोजे फार लोकप्रिय आहेत, आणि नेमक्या याच दोन वस्तू मी ज्येष्ठांना देऊ नयेत असे आग्रहाने सांगेन. सुटे पायपुसणे गुळगुळीत फरशीवर सरकते, त्याच्या कडेत पायाची बोटे अडकतात. लोकरी मोज्याचा तळवाही तसाच निसरडा. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की चालती-फिरती व्यक्ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकते. विणायचेच असेल तर कानटोपी विणा, तळवे उघडे ठेवणारे पायमोजे विणा, किंवा खांद्यांवर घेण्याची छोटी पांघरी विणा. शालीसारखी ती घसरत नाही आणि पुढे दोन मोठ्या बटणांनी बंद होते. बटणे मोठी हवीत. संधिवाताच्या बोटांना लहान बटण लावताना जो त्रास होतो, तो पाहिल्याशिवाय कळत नाही.

गहू किंवा ज्वारी भरून शिवलेली शेकाची पिशवी हीदेखील स्वस्त व छान भेट आहे, पण सर्वांसाठी नाही. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसलेला समजत नाही आणि साधा फोड पुढे जखम होऊन बसतो. अशा घरी ही पिशवी नेऊ नये.

आता एक भेट जी मला सर्वांत आवडते. नाताळचा तारा आपण दारात टांगतो. तसाच एक वीतभर तारा बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद यांचा करावा, आत कमी प्रकाशाचा एलईडी दिवा बसवावा आणि तो पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर, भिंतीवर उंच टांगावा. ज्येष्ठांचे रात्रीचे पडणे अनेकदा त्याच वाटेवर घडते. सण सरला तरी हा तारा उतरवण्याचे कारण नाही. वायर मात्र भिंतीलगत ठोकून घ्यावी. ती जमिनीवरून नेली तर सारा खटाटोप व्यर्थ.

डब्यातल्या भेटी

खाऊच्या बाबतीत आपला प्रदेश समृद्ध आहे, आणि इथेच चुकाही अधिक होतात. तासगावकडचे बेदाणे घ्या. स्वस्तात चांगले मिळतात, डब्यात शोभून दिसतात. पण १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ६० ग्रॅमहून अधिक साखर आणि ७०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितले असेल तर ही भेट त्यांच्यासाठी नाही. पिवळे-हिरवे चकचकीत बेदाणे टिकावेत आणि रंग राहावा म्हणून त्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. दमा असलेल्या काहींना त्याचा त्रास होतो. ज्यांना बेदाणे चालतात त्यांच्यासाठी मूठभराची छोटी पुडी पुरे. कोमट पाण्यात धुऊन, रात्री भिजत घालून खावेत, अशी चिठ्ठी सोबत ठेवावी.

'नाचणीचे आहे, गुळाचे आहे, म्हणजे मधुमेहाला चालते' हा समज आता सोडून द्यायला हवा. जावळी-पाटणच्या डोंगरातली नाचणी गुणी आहे यात शंका नाही. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. तरीही पिठूळपणा आहेच, आणि गूळ रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवतो. नाचणीची नानकटाई करायची तर एक वाटी नाचणीचे पीठ, एक वाटी खपली गव्हाची कणीक, एक वाटी तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर, वेलची घालून मळावे आणि लहान पेढ्याएवढ्या आकाराची मंद आचेवर भाजावी. मधुमेह असलेल्या घरी डबाभर न देता चारच द्याव्यात. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना मात्र नानकटाई, कोरडा केक, चकली, चिक्की यांपैकी काहीही देऊ नये. भुगा होणारे आणि चिवट असे दोन्ही पदार्थ घशात धोक्याचे. त्यांना काय चालते हे त्यांची काळजी घेणाऱ्यालाच विचारावे. न विचारता दिलेल्या डब्यामुळे त्या माणसावर 'नको' म्हणण्याची पाळी येते, आणि सणाच्या दिवशी ते फार अवघड जाते.

गोडाला उत्तम पर्याय म्हणजे जवसाची चटणी. एक वाटी जवस आणि पाव वाटी तीळ वेगवेगळे खमंग भाजावेत, आठ-दहा लसूणपाकळ्या, एक चमचा तिखट आणि नेहमीच्या निम्मे मीठ घालून बारीक कुटावे, म्हणजे दातांखाली बी येत नाही. जवस लवकर खवट होतो; पंधरा दिवस पुरेल एवढीच बाटली द्यावी. सोबत पाणी पुरेसे प्यावे हे सांगावे. हिवाळ्यात बाजारात दिसू लागणाऱ्या ओल्या हळदीचे लिंबाच्या रसातले लोणचेही करता येईल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा परगावच्या नातेवाइकांना या बाटलीचे अप्रूप वाटेल. दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणच्यात ते बेतानेच घालावे, बाटली लहान घ्यावी आणि शीतकपाटात ठेवायला सांगावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या भाजी-आमटीतली हळद ठीक, पण औषध म्हणून मोठ्या प्रमाणात हळद खाण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे.

पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा डिसेंबरात करण्याच्या फंदात पडू नये. हंगामाच्या सुरुवातीला फळ महाग असते. मध द्यायचा तर ज्या घरी एक वर्षाच्या आतले बाळ आहे तिथे 'बाळाला चाटवू नये' असे बाटलीवरच लिहावे.

कागदाच्या भेटी

एक जाड पुठ्ठा, काळा स्केच पेन आणि बोटभर उंचीची अक्षरे. त्यावर मुलाचा, शेजाऱ्याचा आणि घरच्या डॉक्टरांचा क्रमांक, खाली रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७. दूरध्वनीशेजारी टांगला की भेट तयार. तसेच औषधांसाठी खणाच्या कापडाची सात खिशांची पट्टी शिवता येते, वारांची नावे मोठ्या टाक्यांत भरून. गोळ्यांचे पाकीट कात्रीने एकेका गोळीचे तुकडे करून त्यात ठेवू नये. नजर मंदावलेल्या माणसाने गोळी वेष्टनासह गिळण्याचा धोका असतो.

ज्यांना उपासनेतली गीते पाठ होती आणि आता पुस्तकातली बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी आवडती दहा गीते मोठ्या अक्षरांत वहीवर उतरवून द्यावीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आपल्या ख्रिस्ती घरांत आजही गायिली जातात. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला तो साताऱ्यातच. नातवंडाच्या हस्ताक्षरातली ती वही आजी उशाशी ठेवतील.

आणि जो दिवसरात्र सेवा करतो त्याला काय द्यावे? त्याला वेळ द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या सासूमुळे नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला वर्षानुवर्षे जाता न आलेल्या सुना माझ्या ओळखीच्या आहेत. एका कार्डावर लिहा: 'चोवीस तारखेला रात्री नऊपासून साडेबारापर्यंत आईंपाशी मी बसेन.' मात्र एक दिवस आधी जाऊन सारे समजून घ्या: औषधाची वेळ, पाणी कसे पाजायचे, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. नाहीतर ती बिचारी देवळात बसून घराचाच विचार करील.

ज्येष्ठांच्या हातून

आता सिस्टरच्या प्रश्नाकडे येते. पुढल्या वर्षी त्यांच्या सुनेने आणि मी मिळून ठरवले की गॅस आणि सुरी एवढे सोडून बाकी काम त्यांना द्यायचे. कंपाच्या औषधाचा परिणाम दिवसात ज्या वेळी चांगला असतो, ती वेळ निवडली. त्यांच्या बाबतीत ती सकाळी अकराच्या सुमाराची. हातांची खुर्ची, टेबल मनगट टेकेल अशा उंचीवर, अर्ध्या तासाने विश्रांती. प्रथम बेदाणे निवडायला दिले, पण एवढ्या बारीक कामात बोटे अधिकच थरथरू लागली आणि त्या चिडल्या. "हे पोराटोरांचं काम मला कशाला देतेस गं?" म्हणाल्या. त्यांचे खरेच होते.

मग करंजीचे कातण दिले. त्यांच्या आईच्या वेळचे, पितळी आणि चांगले जड. कंप असलेल्या हाताला हलक्या साधनापेक्षा थोडे वजनदार साधन अनेकदा सोपे जाते. सुनेने लाटायचे, मी सारण भरायचे आणि सिस्टरनी कातण फिरवून कड कापायची. कातणाची कड मुळातच नागमोडी. हात कुठे थरथरला हे तिच्यावरून कोणाला सांगता येणार! त्या दिवशी त्यांनी बत्तीस करंज्या कातल्या. दुपारी झोपल्या, आणि संध्याकाळी कोणाच्या घरी किती पाठवायच्या याची यादी स्वतः सांगितली.

आपल्या घरातील आजी-आजोबांना उठणे-बसणेही शक्य नसेल तर त्यांच्याकडून पाककृती सांगून घ्या आणि मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करा. अनारशाचे पीठ किती दिवस भिजवायचे, चकलीच्या भाजणीत धणे कधी घालायचे, हे त्यांच्याच शब्दांत परगावच्या नातीला पाठवा. मध्येच त्या जुनी एखादी गोष्ट सांगत बसल्या तर थांबवू नका. तीही जाऊ द्या.

सिस्टरनी यंदा पंधरा डिसेंबर ही तारीख धरली आहे. हात गेल्या वर्षीपेक्षा थोडा अधिक हलतो, म्हणून वीसच करंज्या करायच्या असे ठरले आहे. सारणात साखर कमी घालायची, ही सूचना त्यांचीच. कातण त्यांनी आत्ताच चिंचेने घासून ठेवले आहे.