विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा निवारा

हट्ट्याहून व आसपासच्या गांवांहून मुलेंमुली बारावी उत्तीर्ण होऊन उच्च शिक्षणासाठीं बाहेर पडतात. कोणत्या शाखेस जावें याचा खल घरोघर होतो. परंतु मुलानें तेथें राहावें कोठें, हा प्रश्न बहुधा प्रवेश मिळाल्यानंतर सुचतो. आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न एकाच वेळीं हातीं घेतले पाहिजेत. कारण निवाऱ्यावांचून मिळालेला प्रवेश अनेकदां अर्ध्यावरच सुटतो.

मराठवाड्याला ही अडचण नवी नाहीं. निजामी अमलांत या भागाचें विद्यापीठ म्हणजे हैदराबादचें उस्मानिया. तें १९१८ सालीं स्थापन झालें व तेथील शिक्षण उर्दूंतून चाले. मराठी खेड्यांतील मुलास घर आणि भाषा दोन्ही मागें ठेवून जावें लागे. पुढें १९५८ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर येथें मराठवाडा विद्यापीठ झालें. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ आलें. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आपला हिंगोली जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेंत येतो.

विद्यापीठ जवळ आलें, तरी रोज जाणें-येणें सर्वांस साधत नाहीं. एस. टी. चुकली कीं तास बुडतो, आणि दमून घरीं आलेल्या मुलास पुस्तक उघडवत नाहीं. शहरांत खोली घ्यावी, तर भाडें व खानावळ यांचा भार शेतकऱ्याच्या संसारास पेलत नाहीं. हें जाणूनच राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढण्यास आरंभ केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनींहि १९५० सालीं औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयास वसतिगृहाची जोड दिली. शाळेचें दार उघडून भागत नाहीं; दूरच्या मुलास रात्रीं पाठ टेकण्यास जागा हवी, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आज वसतिगृहें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत. पहिलीं विद्यापीठाचीं स्वतःचीं. तेथें वर्ग व ग्रंथालय हाकेच्या अंतरावर असतात. परंतु जागा मोजक्या असल्यामुळें अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला म्हणजे खोलीहि मिळाली असें होत नाहीं. तिच्यासाठीं निराळा अर्ज करावा लागतो. दुसरीं समाजकल्याण खात्याचीं. तेथें पात्र विद्यार्थ्यांस निवास व भोजन विनामूल्य मिळतें. तेथें नंबर न लागलेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू झाली. तिच्यांत निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यांत जमा होते.

मुलींच्या बाबतींत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दृष्ट्या दुर्बल व इतर मागासवर्गीय मुलींची फी शासन भरूं लागलें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु फीची माफी म्हणजे खोलीचें भाडें व दोन वेळचें जेवण नव्हे. सुरक्षित निवारा नाहीं, एवढ्याच कारणासाठीं हुशार मुलगी घरीं बसली, तर ती माफी तिच्या काय कामाची?

वसतिगृहांत विद्यार्थी पुस्तकांबाहेरचेंहि पुष्कळ शिकतो. परक्या गांवच्या, परक्या जातीच्या सोबत्याबरोबर एका खोलींत राहणें, पैशाचा हिशेब ठेवणें, आजारी सोबत्याची शुश्रूषा करणें, हेंहि शिक्षणच आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, निकालाची वाट न पाहतां उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला आधींच काढून ठेवावा, आणि प्रवेशाचा व वसतिगृहाचा अर्ज बरोबरच करावा. विद्यार्थ्यांनो, जागा मिळाली तर तिचें चीज करा. तुमच्यामागें तिची वाट पाहणारा दुसरा कोणी उभा आहे, हें विसरूं नका.